पाटी उतरवलेलं दुकान

२००९ सालच्या मार्चच्या सुरुवातीला स्किटल्स डॉट कॉम उघडणाऱ्याला सर्वात आधी जन्मतारीख विचारली जायची. दारूच्या वेबसाइटवर हे समजू शकतं. पण लिंबू-संत्र्याच्या स्वादाच्या, चघळून खायच्या गोळ्यांना वयाचा दाखला? तारखेखाली थोडा मजकूर होता. त्याचा भावार्थ असा की या पेटीच्या मागे जे दिसेल ती जागा दुसऱ्यांची आहे, तिथे लोक काय लिहितात त्याची जबाबदारी आमच्यावर नाही, हे कळलं असेल तर खूण करा. खूण केली की दार उघडायचं, आणि आत दुकानच नसायचं. आत ट्विटरचं शोधपान. जगात कुठेही कुणी गेल्या काही मिनिटांत ‘स्किटल्स’ हा शब्द लिहिला असेल, तर त्याचं वाक्य तिथे हजर. सगळ्यात ताजं सगळ्यात वर. डाव्या कोपऱ्यात एक छोटी पेटी तरंगत असायची. कंपनीचं स्वतःचं असं तिथे काय होतं, तर ती पेटी.

हे पान जेमतेम दोन-तीन दिवस तसं राहिलं. जाहिरातीच्या धंद्यातले लोक त्याची आठवण फजितीचा किस्सा म्हणून काढतात. मला मात्र ते पान आजही एखाद्या चांगल्या एकांकिकेसारखं वाटतं. प्रयोगात प्रेक्षकांनी गोंधळ घातला, पडदा पाडावा लागला, सगळं खरं. म्हणून संहिता वाईट ठरत नाही. ती संहिता जरा निवांत वाचून बघू.

ज्यांनी स्किटल्स खाल्ल्या नसतील त्यांच्यासाठी आधी थोडं गोळीविषयी. दिसायला आपल्या जेम्ससारखी, पण आत चॉकलेटचा पत्ता नाही. वरचं साखरेचं कवच दाताखाली कट्‌कन फुटतं आणि आतून आंबटगोड, चिवट गर लागतो. १९७४ साली ब्रिटनमध्ये ती पहिल्यांदा झाली, १९७९ ला अमेरिकेत पोचली. मालकी मार्सची. १९९४ पासून तिची ओळख एका वाक्याने होते: ‘इंद्रधनुष्य चाखा’ या अर्थाचं ते इंग्रजी घोषवाक्य आजही पाकिटावर दिसतं. चाखायला लावणाऱ्या मालाचं रसग्रहण करताना शब्द आपोआपच द्व्यर्थी होतात, त्याला माझा इलाज नाही.

पण त्या पानाची खरी पूर्वपीठिका गोळीत नसून तिच्या टीव्हीवरच्या जाहिरातींत आहे. न्यूयॉर्कच्या टीबीडब्ल्यूए शायट डे या संस्थेने त्या दशकात स्किटल्ससाठी विक्षिप्त जाहिरातींची एक मालिकाच केली. त्यातली २००७ची एक मला फार थोर वाटते. एका कचेरीत एक कर्मचारी बसलाय. तो हात लावील ती वस्तू स्किटल्सच्या गोळ्या होऊन खळ्‌कन सांडते. सहकारी हरखून बघतायत, काय मजा आहे तुझी म्हणतायत. आणि तो विझलेल्या चेहऱ्याने सांगतो की नुकत्याच जन्मलेल्या आपल्या मुलाला कडेवर घेता येत नाही. आज बसमध्ये एका माणसाशी हस्तांदोलन केलं, तो बिचारा आता घरी पोचायचा नाही. मिडास राजाची गोष्ट, पण कारकुनाच्या शर्टात. गोळ्या विकणारी कंपनी अर्ध्या मिनिटात सांगून जाते की प्रत्येक गोष्ट आपल्या मालात बदलण्याची ताकद हा वर नसून शाप आहे. आणि तरी शेवटी गोळ्या विकतेच.

ही जाहिरात डोक्यात ठेवून त्या पानाकडे पाहा. ट्विटरवर कुणीतरी लिहितो, सिनेमाला आलोय, हातात स्किटल्स आहेत. दुसरी लिहिते, परीक्षेच्या रात्री जेवण म्हणून स्किटल्स. त्या वाक्याला त्या शब्दाचा स्पर्श झाला की ते खळ्‌कन कंपनीच्या पहिल्या पानावर येऊन पडतं. लिहिणाऱ्याने परवानगी दिलेली नाही, त्याला पत्ताही नाही. कचेरीतल्या त्या माणसाचा हात आता वेबसाइटला बसवला होता. जाहिरात टीबीडब्ल्यूएची आणि वेबसाइट एजन्सी डॉट कॉम या वेगळ्याच संस्थेची. त्यामुळे हे साम्य ठरवून आणलेलं होतं असा माझा दावा नाही. पण एका ब्रँडचा स्वभाव ठरून गेला की दोन वेगळी माणसंही त्याच सुरात गातात.

तो काळ आठवला तर या पानाचं धाडस जास्त कळतं. बिस्किटं, शीतपेयं, गोळ्या यांच्या वेबसाइटी तेव्हा जत्रेतल्या तंबूसारख्या असायच्या. आत शिरताच फ्लॅशमध्ये केलेलं चलच्चित्र, ते भरेपर्यंत टक्केवारी मोजणारी पट्टी, मग संगीत, खेळ, वॉलपेपर, पडदा झाकून टाकणारी सजावट. एवढा खर्च करून बांधलेल्या या तंबूत एकदा गेलेला माणूस परत कशाला जाईल, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. लोक दुसरीकडे जमले होते. ट्विटर २००६ पासून चालू होतं, फेसबुक २० कोटी सदस्यांच्या उंबरठ्यावर होतं, यूट्यूब आणि फ्लिकर रोज उघडले जात होते. बाकीच्या कंपन्यांनी काय केलं, तर तंबूच्या कडेला या सगळ्यांची चिमुकली बोधचिन्हं डकवली. स्किटल्सने तंबूच काढला.

आता पेटी. ही पेटी म्हणजे त्या पानाचा सूत्रधार, आणि माझ्या मते सगळ्या रचनेतला सर्वात घोटीव भाग. तिच्यातले शब्द मोजके होते आणि प्रत्येक शब्द पाहुण्याला परक्या घरी नेऊन सोडायचा. चित्रफिती म्हटलं की मागे यूट्यूब. छायाचित्रं म्हटलं की फ्लिकर. ‘फ्रेंड्स’ म्हटलं की फेसबुक. आणि ट्विटरच्या दाराला नाव होतं ‘चॅटर’. या शब्दाची निवड मला दाद द्यावीशी वाटते. संवाद, चर्चा, समुदाय असले भारदस्त शब्द तेव्हा मार्केटिंगवाल्यांच्या तोंडी पैशाला पासरी झाले होते. त्यातला एकही न घेता पेटी म्हणते: बडबड. पारावर चालते, लोकलच्या डब्यात चालते ती. तिला अर्थ असेलच असं नाही, आणि ती कुणाच्या मालकीची नसते. पुढच्या दोन दिवसांत जे घडायचं होतं त्याची कबुलीच त्या एका शब्दात होती.

तरी या सगळ्यांत धीट दार कोणतं विचाराल तर ट्विटरचं नव्हे. ‘प्रॉडक्ट्स’चं. आमचा माल काय आहे ते पाहायला दाबा, असं म्हणून ही पेटी पाहुण्याला विकिपीडियावरच्या स्किटल्सच्या लेखावर नेत होती. क्षणभर थांबून याचा विचार करा. आपल्या मालाचं वर्णन ही कंपनीची सर्वात राखून ठेवलेली जागा. तिथला एकेक शब्द वकील तपासतात. आणि ती जागा सोपवली कुणाकडे, तर ज्या ज्ञानकोशात कंपनीने स्वतःबद्दलच्या लेखात हात घालू नये असा संकेत आहे त्याच्याकडे. ट्विटरकडे बोट दाखवणं हा उत्साह झाला. विकिपीडियाकडे बोट दाखवायला आपल्या मालाबद्दल शांत खात्री लागते. गोंधळाच्या बातम्यांत या दाराकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही, याची मला अजून चुटपुट आहे.

पुण्याच्या पाट्या आपण कौतुकाने वाचतो, कारण तिथे दुकानदार एकटा बोलतो आणि गिऱ्हाइकाने ऐकायचं असतं. दुपारी दुकान बंद, आमची कोठेही शाखा नाही, सुटे पैसे आणावेत. वेबसाइट हीसुद्धा मुळात तशी पाटीच. स्किटल्सने पाटी उतरवली आणि रिकामी चौकट रस्त्याच्या दिशेने फिरवून टांगली. जाणारे-येणारे त्यात दिसू लागले.

आणि दिसू लागल्याबरोबर ते चौकटीकडे बघून हात हलवू लागले. या पानाचं खरं कथानक इथून सुरू होतं. पहिल्या काही तासांत तिथे आलेली वाक्यं गोळ्या खाणाऱ्यांची होती. मग बातमी फुटली. ट्विटरवर तो शब्द लिहिला की आपण थेट एका बड्या कंपनीच्या पहिल्या पानावर झळकतो, हे कळताच लोक तो शब्द त्याच हेतूने लिहू लागले. मी स्किटल्सच्या पानावर आलोय का बघा, असं लिहिणारे; मग आलो आलो, असं लिहिणारे; मग हे पान म्हणजे क्रांती आहे असं म्हणणारे आणि हे पान म्हणजे मूर्खपणा आहे असं म्हणणारे. सगळ्यांच्या वाक्यात तो शब्द, म्हणून सगळे पानावर. पान स्वतःबद्दलच्या बोलण्याने भरून गेलं आणि गोळी बाजूला राहिली. समोरासमोर टांगलेल्या आरशांत केशकर्तनालयातल्या एका खुर्चीच्या शंभर खुर्च्या होतात तसं.

मला या टप्प्यावर त्या पानाचं सर्वात जास्त कौतुक वाटतं, आणि कंपनीला ते अपेक्षित होतं असं मला वाटत नाही. शोध आणि संवाद यांतला फरक त्याने उघड्यावर आणला. ट्विटरचा शोध म्हणजे शब्दाची नोंद. जुलै २००८ मध्ये ट्विटरने समाइझ नावाची छोटी कंपनी विकत घेतली तेव्हा हा शोध त्यांच्याकडे आला; त्याआधी असं पान बनवणं सोपं नव्हतं. पण शब्द उच्चारला गेला एवढंच शोधाला कळतं. प्रेमाने, चेष्टेने की शिवी म्हणून, हे त्याला कळत नाही. लोक आपल्याबद्दल बोलतायत असं कंपनीला वाटत होतं. प्रत्यक्षात लोक तिचं नाव घेत होते.

मग जे व्हायचं ते झालं. शिव्या आल्या, चावट वाक्यं आली, वंशवाचक अपशब्द आले, गोळ्यांबद्दल अचाट थापा आल्या. १४० अक्षरांत माणूस किती खाली जाऊ शकतो याची जणू स्पर्धा लागली. आपल्या रसशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर अद्भुताने सुरुवात झाली, मध्यंतरापर्यंत हास्य होतं आणि नंतर बीभत्साने रंगमंच काबीज केला. बातम्यांनी बीभत्सच टिपलं. वंशवाचक शिवीत गंमत मलाही दिसत नाही. ज्यांच्या नावाने ती होती त्यांनी ते पान उघडलं असेल तर त्यांच्या वाट्याला या माझ्या कौतुकातलं काहीच आलं नसेल, हेही मान्य. पण जो कलकलाट ट्विटरवर तसाही होता तो गोळीच्या नावाखाली दिसताच सगळे दचकले, यातही काही पाहण्यासारखं आहे.

माघार कशी घेतली तेही वाचण्यासारखं आहे, कारण माघारीलाही शैली असते. कंपनीने घाईघाईने जुना तंबू परत ठोकला नाही. पेटी तशीच राहिली. फक्त तिच्या मागचा पडदा बदलला. ट्विटर हलवून ‘चॅटर’च्या दाराआड ठेवलं आणि पहिल्या पानावर फेसबुक आणलं. मग तिथे विकिपीडियाचा लेख आला. चव्हाट्यावरून ओळखीच्यांच्या ओसरीवर, ओसरीवरून वाचनालयात. दर पावलागणिक आवाज कमी होत गेला. एखाद्या गायकाने तार सप्तकात सूर फसल्यावर गाणं न थांबवता सावकाश मध्य सप्तकात उतरावं, तसं हे उतरणं होतं. श्रोत्यांना फसलेला सूर आठवतो. मला उतरणं आठवतं.

त्या दिवसांत एक आरोप असाही झाला की ही कल्पना उसनी आहे. आरोपात तथ्य होतं. बॉस्टनच्या मॉडर्निस्टा या जाहिरात संस्थेने २००८ मध्ये स्वतःची वेबसाइट अशीच केली होती: कडेला आपली छोटी यादी, मागे विकिपीडिया, फेसबुक, फ्लिकर, आणि सोबत इशारा की यादीमागचं सगळं आमच्या ताब्याबाहेर आहे. रचना तीच. पण बंदिश एक असली म्हणून गायकी एक होत नाही. मॉडर्निस्टाच्या पानावर येणार कोण, तर संभाव्य ग्राहक कंपन्यांचे अधिकारी आणि धंद्यातले सोबती. चार दर्दींची खासगी मैफल ती. तीच चीज स्किटल्सने जत्रेच्या मैदानात, भोंगा लावून म्हटली. धोका त्या मैदानात होता, आणि माझ्या लेखी कलाही. तरीही मूळ रचनाकाराचं नाव जाहीरपणे घ्यायला काय हरकत होती, हा प्रश्न मला पडतो.

या पानाचा एक दोष मलाही सांगायचा आहे, पण तो शिव्यांचा नाही. दोष त्या उंबरठ्यावरच्या मजकुरात आहे. एकीकडे पान म्हणतं, लोक बोलतील तेच आमचं घर. दुसरीकडे आत येणाऱ्याकडून लिहून घेतं, लोक बोलतील त्याच्याशी आमचा संबंध नाही. कौतुकाची वाक्यं पहिल्या पानावर मिरवायची आणि शिवी आली की ती दुसऱ्यांची जागा. जाहिरातीतल्या त्या कारकुनाने आपल्या स्पर्शाचं दुःख निदान भोगलं. या पानाने वकिलाकडून हातमोजे शिवून घेतले. ही गफलत नसती तर संहिता निर्दोष म्हटली असती.

पुढच्या वर्षभरात बाकीच्यांनी काय केलं ते पाहिलं की हे पान किती एकटं होतं ते लक्षात येतं. बर्बरीने नोव्हेंबर २००९ मध्ये ‘आर्ट ऑफ द ट्रेंच’ नावाची वेबसाइट काढली. ट्रेंचकोट घातलेल्या लोकांची छायाचित्रं, सुरुवातीची स्कॉट शूमन या नामवंत छायाचित्रकाराची, मग लोकांनी पाठवलेल्यांतून निवडलेली. देखणं काम, पण चाळणीतून आलेलं. तिथे वेडंवाकडं काही दिसलंच नसतं. २१ एप्रिल २०१० ला फेसबुकने आपलं ‘लाइक’चं बटण इतर वेबसाइटींना वापरायला दिलं आणि लीव्हायजने आपल्या दुकानात ते लगेच बसवलं: तुमच्या कोणत्या मित्राला कुठली जीन्स आवडली ते दिसू लागलं. सोय म्हणून उत्तम. मात्र बडबडीचं बटण झालं, आणि बटणाला शिवी देता येत नाही. धंद्याने यातूनच धडा घेतला आणि पुढची सगळी वर्षं बटणांची गेली. नंतर उलटी लाटही आली. साबण-शांपू बनवणाऱ्या लशने नोव्हेंबर २०२१ मध्ये इन्स्टाग्राम, फेसबुक, टिकटॉक आणि स्नॅपचॅटवरची आपली खाती बंद ठेवली आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, आमच्याकडे या. म्हणजे पाटी परत लागली.

स्किटल्ससारखं पान आज पुन्हा करायचं म्हटलं तर ते बनणारच नाही, आणि त्याचं कारण रुक्ष तांत्रिक आहे. एका वेबसाइटच्या चौकटीत दुसरी आख्खी वेबसाइट बसवायची सोय तेव्हा बहुतेक ठिकाणी सताड उघडी होती. तिचा गैरवापर करून, दिसणाऱ्या पानावर दुसरं अदृश्य पान पसरून लोकांना भलत्याच ठिकाणी क्लिक करायला लावायची युक्ती २००८ मध्ये चव्हाट्यावर आली होती. त्यावर उपाय म्हणून, मला दुसऱ्याच्या चौकटीत बसवू नका, असं वेबसाइटने ब्राउझरला बजावायची व्यवस्था झाली. ती घेऊन आलेलं इंटरनेट एक्स्प्लोरर ८ जाहीर झालं १९ मार्च २००९ ला, स्किटल्सच्या त्या दोन-तीन दिवसांनंतर अवघ्या काही आठवड्यांत. आज ट्विटर आणि फेसबुक आपली पानं कुणाच्या चौकटीत बसू देत नाहीत.

ट्विटरचं नावही राहिलं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ते विकलं गेलं, जुलै २०२३ मध्ये एक्स झालं. तिथे आज ‘स्किटल्स’ हा शब्द शोधायला गेलात, तर आधी खातं उघडायला सांगतात.